सव्वा महिन्यानंतरची खोली

दोन मे. गच्चीवर गहू पसरले आहेत आणि मी त्यांना एरंडेल चोळते आहे. पीपलरावां गावाहून दरवर्षी येतात तशी पोती आली, चाळून झाली, ऊन देऊन झालं. आता तेलाचा हात फिरवायचा, पुन्हा थोडं ऊन दाखवायचं आणि पत्र्याच्या कोठीत भरायचं. वर्षाचं काम आहे आणि ते मेमध्येच उरकावं लागतं. देवासला दुसरं काही मिळो न मिळो, मेमध्ये ऊन भरपूर मिळतं.

जिन्याच्या सावलीत खुर्चीवर बसून माझी सून पल्लवी ताटात खडे वेचते आहे. तिला चौथा महिना लागलाय, म्हणून वाकायचं काम मी तिला देत नाही. तिची मोठी मुलगी रेवा गव्हात पाय गुडघ्यापर्यंत पुरून बसली आहे आणि मी समुद्रात आहे असं सांगते आहे. तिने समुद्र पाहिलेला नाही. मीही नाही.

एरंडेलाला जड, ओशट वास असतो. तापलेल्या गव्हाच्या वासात तो मिसळला की दर मेमध्ये मला तो एक मे महिना आठवतो. जुनं उगाळत बसायची मला सवय नाही. माझं शिवणाचं दुकान आहे. सासरचे मूळ पुरुष कधीकाळी संस्थानाच्या फौजेबरोबर तंबू शिवायला मालव्यात आले, तेव्हापासून घरात सुई आहे. आमच्या धंद्यात बसून राहिलं की काम तुंबतं. पण नाकाला हे कोण सांगणार? वास आला की त्या वर्षीची मधली खोली समोर येते. तिचं दार लोटलेलं असतं आणि आत पंखा फिरत असतो.

ते पहिल्या लॉकडाउनचं वर्ष. पल्लवी धारची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलेलं होतं. तिची बॅग भरून पलंगाखाली तयार होती. मार्चअखेरीला तिची आई, सुनंदाताई, न्यायला येणार होत्या. त्याआधीच सगळं बंद झालं. नकाशात बघितलं तर धार आणि देवास काही लांब नाहीत, पण दोघांच्या मध्ये इंदूर बसलं आहे, आणि त्या वर्षी इंदूरमधून माणूस जाऊ शकत नव्हता. वळसा घालून उज्जैनकडून यावं तर तिथेही तेच. सुनंदाताईंनी पाससाठी खटपट केली. लग्न, मयत, मोठं आजारपण असेल तर पास मिळायचा. त्यांना विचारलं गेलं, "डिलिवरी हो गई ना? माँ-बच्चा ठीक हैं ना? फिर क्या इमरजेंसी है?"

ठीकच होत्या दोघी. एप्रिलमध्ये जवळच्या नर्सिंग होममध्ये रेवा झाली, वजनाला चांगली, रडायला खणखणीत. आम्ही घरी आलो तर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पेढे नाहीत, कोणी बघायला येणं नाही. माझा मुलगा चिन्मय औषधांच्या कारखान्यात आहे. त्याला सुट्टी नव्हती. कारखान्यातून यायचा, अंगणातच आंघोळ करायचा आणि सरळ वरच्या खोलीत जायचा. मुलीला खिडकीच्या जाळीतून बघायचा. एकदा मला म्हणाला, "आई, तिला जरा उजेडात धर ना, नाक नीट दिसत नाहीये." मी धरलं. तो जाळीला नाक लावून तिचं नाक बघत उभा राहिला.

माझे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झालीत. म्हणजे घरात बाळंतिणीचं करायला मी एकटी. मालिशवाली येऊ शकत नव्हती, तर मालिश मी केली. शेगडी मी पेटवली, ओवा-शेपांची धुरी मी दिली. बाहेर अंग भाजणारं ऊन आणि आत शेगडी, अशा खोलीत आम्ही दोघी घामाने निथळत असायचो. डिंक बाजारात मिळेना, तर समोरच्या गीताभाभींनी आपल्या डब्यातला पुडी बांधून दारात ठेवला आणि लांब उभं राहून ओरडल्या, "उठा लो, मैं हट गई." लाडू झाले. आळिवाची खीर झाली. काही कमी पडू दिलं नाही, हे मी आजही सांगू शकते.

आणि पल्लवीने सगळं घेतलं. लाडू दिला की खाल्ला. पालथी झोप म्हटलं की पालथी झाली. रेवाला वेळेवर पाजायची, ढेकर काढायची, लंगोट बदलायची. एक चूक नाही. सगळं झालं की मुलगी माझ्याकडे द्यायची आणि म्हणायची, "घ्या." दुकानात गिऱ्हाईक कपडा परत करतं ना, मापात नाही म्हणून, तसं. भांडण नाही, तक्रार नाही, फक्त घ्या.

गीताभाभी दारातून विचारायच्या, "लाडी कैसी है?" लाडी म्हणजे इकडे सून. मी सांगायची, शांत आहे. त्या म्हणायच्या, "किस्मतवाली हो. मेरी वाली ने तो जच्चा में पूरा घर सिर पे उठा लिया था." आमच्याकडे चांगल्या बाळंतिणीची खूण हीच. खोलीतून बाहेर येत नाही, वारा लागू देत नाही, डोक्याला बांधलेला रुमाल सोडत नाही, फार बोलत नाही. त्या वर्षी तर सगळं जगच दार लावून बसलेलं. एक बाई खोलीत गप्प आहे, हे कोणाच्या नजरेत भरणार?

मालिश करताना मात्र मला चुकल्यासारखं व्हायचं. कापडाला हात लावला की ते सुती आहे की मिसळीचं आहे ते मला कळतं, अंगाचंही थोडंफार तसंच असतं. दुखलं तर पाठ आकसते, बरं वाटलं तर सैल पडते. पल्लवीची पाठ काहीच करत नव्हती. जोरात चोळलं तरी तेच, हलक्या हाताने चोळलं तरी तेच. "दुखतंय का?" म्हटलं तर "नाही." "बरं वाटतंय का?" "हो." दोन्ही उत्तरं एकाच आवाजात.

सुनंदाताई रोज दुपारी धारहून व्हिडिओ लावायच्या. पल्लवी फोन घ्यायची, "हां मम्मी" म्हणायची आणि थोड्या वेळाने फोन गादीवर उताणा ठेवून द्यायची. मग धारमध्ये त्या बाईला आमच्या छताचा पंखा दिसायचा. त्या पंख्याशी बोलत राहायच्या. पल्लू, केस विंचरलेस का? पल्लू, तुझ्या बाबांनी आंब्याच्या पेट्या सांगितल्यात, कशा पाठवायच्या ग? पल्लू, ऐकते आहेस ना? मी खोलीत असले तर फोन उचलून पल्लवीकडे वळवायची. ती हसायची. मी गेले की पुन्हा पंखा. सुनंदाताई मला नंतर म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचा पंखा मला पाठ आहे. एक पातं जरासं खाली आलंय." मी स्टुलावर चढून बघितलं. आलं होतं.

आमच्याकडे बाळंतिणीच्या उशीखाली लोखंड ठेवतात. बाहेरचं काही लागू नये म्हणून. कोणी अडकित्ता ठेवतं, कोणी खिळा. आमच्या घरी विळा ठेवायची पद्धत आहे. नर्सिंग होममधून आल्यावर मी तो ठेवला होता, फार विचार न करता, पद्धत म्हणून. काही दिवसांनी पल्लवी म्हणाली, "आई, हा विळा काढून टाका. मला असलं काही पटत नाही." एम.एस्सी. झालेली मुलगी. मी म्हटलं ठीक आहे आणि काढला. माझाही त्यावर विश्वास होता असं नाही.

मग सव्वा महिना संपत आला. मालव्यात राहून आम्ही इथल्या ज्या रीती उचलल्या त्यातली एक जलवा. सव्वा महिन्याने पाच सवाष्णी येतात, बाळंतिणीला खोलीतून बाहेर काढतात, विहिरीवर किंवा हातपंपावर नेतात, तिच्या हातून पाण्याची पूजा होते. त्या दिवसापासून बाई घरात मोकळी. मला ह्यात काही अडचण दिसत नव्हती. त्या वर्षी लोकांनी लग्नं पुढे ढकलली होती, मयताला चार माणसं नव्हती. जलव्याचं काय घेऊन बसायचं? मी दार उघडलं आणि म्हटलं, "चल, झाला सव्वा महिना. ओट्यावर येऊन बस, जरा वारा लागू दे."

पल्लवी म्हणाली, "जलवा कुठे झालाय, आई?"

"नाही झाला तर नाही झाला. कोण विचारतंय?"

"पाच सवाष्णी लागतात. त्याशिवाय बाहेर यायचं नसतं."

"अग, मी सांगते आहे ना."

"तुम्ही सांगून कसं चालेल," ती म्हणाली. हे ती उद्धटपणे म्हणाली नाही. पण माझ्या मनात आलं, खरंच आहे, मी तर त्या पाचांत धरली जात नाही. नवरा गेला त्या दिवसापासून हळदीकुंकवाच्या ताटासमोर मी बाजूला सरकते, आणि खरं सांगायचं तर माझं काही अडत नाही. मी विषय सोडला. म्हटलं येईल दोन दिवसांनी.

दोन दिवसांनी तेच. आठवड्याने तेच. मी विचारलं की ती रीत सांगायची. सुनंदाताईंनी फोनवर समजावलं, तर त्यांनाही सांगितलं, मम्मी, नियम म्हणजे नियम. त्या बिचाऱ्या खूशच झाल्या. म्हणाल्या, "आजकालच्या मुली एवढं कुठे पाळतात, विहीणबाई?" इकडे गहू आले, मी एकटीने गच्चीवर पसरले. खाली खोलीत ती, वर गच्चीवर मी, मध्ये जिन्यात पाळणा, कारण रेवाला तिथे वारा लागायचा. रेवा रडली की मी वरून उतरायची. खोलीचं दार रेवाच्या जास्त जवळ होतं.

असंच एका दुपारी एरंडेलात हात बुडालेले असताना माझ्या डोक्यात आलं की हिला विळा पटत नव्हता. मग पाच सवाष्णी कशा पटतात? जिचा लोखंडावर विश्वास नाही, ती जलव्यासाठी का अडून बसली आहे? हात तसेच तेलकट ठेवून मी उभी राहिले. समोर टेकडीवर मंदिराचा झेंडा होता, वर जाणारं कोणी नव्हतं. मला त्या वेळी एवढंच कळलं की ही मुलगी रीत पाळत नाहीये. तिला बाहेर यायचं नाहीये, आणि त्यासाठी तिने आपल्या घरातली सर्वांत मान्य होणारी सबब शोधली आहे. जिच्यापुढे मी वाद घालू शकत नाही अशी.

मी कामाची बाई. अडचण दिसली की ती दूर करायची, एवढं मला येतं. पाच सवाष्णी हव्यात ना, मग पाच सवाष्णी आणते. गीताभाभी, त्यांच्या दोन सुना, कोपऱ्यावरची पोलिसाची बायको आणि पलीकडची सिंधी वहिनी. मी घरोघरी जाऊन फाटकाबाहेरून सांगितलं, सकाळी लवकर हातपंपावर या, लांब लांब उभ्या राहा, नाकातोंडावर पदर घ्या. गीताभाभी म्हणाल्या, "पुलिसवाली खुद आ रही है तो डर काहे का." बऱ्याच आठवड्यांनी त्या बायका एकत्र येत होत्या. ठेवणीतल्या साड्या निघाल्या होत्या. तोंड झाकलेलं, डोळ्यात काजळ. गाणी म्हटली तर पदरातून सगळ्यांचा एकच घुमल्यासारखा आवाज येत होता, आणि एक सून हसायला लागली की सगळ्या हसायच्या.

पल्लवीला आता नाही म्हणता येईना. ती आली. डोक्यावर पदर घेतला. हातपंपाला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, लोटा भरून घेतला. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते. सिंधी वहिनी म्हणाल्या, "निखर गई है." ती हसली. पोलिसाच्या बायकोने मुलगी कोणासारखी म्हणून विचारलं, तर "आजीसारखी" असं माझ्याकडे बघत म्हणाली. सगळं जिथल्या तिथे. मला वाटलं, चला, झालं एकदाचं. घरी येऊन लोटा पाण्याच्या जागी ठेवला, खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

दुपारी ताट घेऊन गेले तर पलंगाच्या कडेला बसलेली होती. साडी तशीच. म्हणाली, "आई, झालं ना सगळं? आता तर कोणी बोलावणार नाही ना?"

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "पल्लवी, तुला विळा पटत नव्हता. जलवा का पटला?"

ती बोलली ते भिंतीकडे बघून. "तो विळा मला दिसायचा, आई. उशीखाली असला तरी दिसायचा. रेवाच्या बाजूला. म्हणजे मी काही करणार नव्हते. पण दिसायचंच. काढला तरी दिसतंय. बाहेर आले की जिना दिसतो, हातपंपावर दगड दिसत होता. इथे आत काही नाहीये, म्हणून इथे बरं आहे. आणि ते कात्रीचं बंद करता येईल का?"

मला आधी कळलं नाही कुठली कात्री. तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे माझं दुकान. त्या दिवसांत मी मास्क शिवत होते; कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने मागितले, मग त्याच्या भावाने, मग त्याच्या मेहुण्याने. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी कापड कापायची. शिवणाऱ्या बाईची मोठी कात्री, आवाज भिंतीतून जातो. तो आवाज ऐकत ती दिवसभर आत बसलेली होती, आणि मी बाहेर म्हणत होते की सून शांत आहे.

मी उठले. घरातल्या सगळ्या कात्र्या गोळा केल्या. शिवणाच्या घरात त्या किती निघतात. मोठी, काजाची, झिगझॅगची, धागे तोडायची, गंजलेली, एक सासऱ्यांच्या वेळची. विळी, सुऱ्या, अडकित्ता. सगळं लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. एवढं करून मी घामेजून ओट्यावर बसले आणि माझ्या लक्षात आलं की ह्यापुढे काय करायचं ते मला माहीत नाही. तिला जे दिसत होतं ते पेटीत घालता येण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी मी वांगी हातानेच मोडून भाजीत टाकली.

चिन्मयला खिडकीतून सांगितलं. तो जाळीपलीकडे उभा राहून रडला, मी अलीकडे. मी त्याला म्हटलं, रडून झालं की फोन लाव. नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाईंनी इंदूरच्या एका मनाच्या डॉक्टरांचा नंबर दिला. त्या व्हिडिओवर बोलल्या, पल्लवीशी एकटीने आणि मग माझ्याशी. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. चिन्मय म्हणाला, आई, डिप्रेशन, बाळंतपणानंतरचं. मी म्हटलं, नाव कळलं, बरं झालं, पुढे? डॉक्टर मला म्हणाल्या, "जिसे ऐसे ख़याल आते हैं और जो उनसे डरती है, वो बीमार है, बुरी नहीं है. उसे अकेला मत छोड़िए और डाँटिए मत." मी विचारलं, किती दिवसांत बरी होईल? त्या म्हणाल्या, "कह नहीं सकते." मला राग आला. मी गिऱ्हाइकाला ब्लाउज कधी मिळेल ते सांगते. एवढं शिकून ह्यांना तारीख देता येत नाही?

गोळ्या सुरू झाल्या. मी खोलीत बसायला लागले. मशीन तिथे नेता येत नव्हतं, तर हातशिलाई घेऊन बसायची, हुक-काजं, धागा दाताने तोडायची. ती पडून असायची, रेवा आमच्या दोघींच्या मध्ये. बोलायला मला येत नाही. मी काय बोलणार? आज भेंडी स्वस्त होती. गीताभाभींचा धाकटा पुन्हा मोटारसायकलवरून पडला. ती हं म्हणायची. कधी हंही नाही. अशा वेळी माणूस काय करतं, हे कोणी शिकवत नाही. मी टीप घालत राहिले.

रस्ते उघडल्यावर सुनंदाताई आल्या. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, दोन गाड्या बदलून, हातात आंब्यांची पेटी, आणि आंबे तोवर संपत आलेले. संसर्गाच्या भीतीने त्यांनी आधी दुकानात मुक्काम केला, कापडाच्या ताग्यांमध्ये गादी टाकून. मला वाटत होतं, आई आली की पोरीचा बांध फुटेल, रडेल, मोकळी होईल. सगळे तसंच म्हणतात ना. पल्लवी खिडकीशी आली, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "कशाला आलीस, मम्मी? उगाच तिकडून काही घेऊन येशील." आणि आत गेली. सुनंदाताई खिडकीचे गज धरून उभ्या राहिल्या. मी त्यांना म्हटलं, बसा, चहा टाकते. चहा केला. त्यांनी तो प्यायला नाही, मीही प्यायले नाही.

ती कधी बरी झाली ते मला सांगता येणार नाही. त्याला एक दिवस नव्हता. कधी रेवाला देताना "घ्या" म्हणायचं राहून गेलं. कधी तिने स्वतःहून विचारलं, पंख्याचं पातं वाकडं आहे का. पुन्हा आठवडाभर भिंतीकडे तोंड. दसऱ्याच्या सुमाराला एके सकाळी मी दुकानात होते आणि ओट्यावरून भांडणाचा आवाज आला. पल्लवी दूधवाल्याला झाडत होती. "भैया, ये दूध है कि नल का पानी? पानी तो हमारे यहाँ भी आता है, उसके पैसे क्यों दूँ?" तो म्हणाला, "भाभी, भैंस गाभिन है." ती म्हणाली, "तो भैंस की छुट्टी करो, हमारी क्यों करते हो?" मी मशीनवरचा पाय उचलला आणि शेवटपर्यंत ऐकलं. सुनंदाताई अजून आमच्याकडेच होत्या; त्या आतून आल्या, माझ्याजवळ उभ्या राहिल्या. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

हे मी तिला विचारून लिहिते आहे. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, शाळा हिंदीत झाली, म्हणून वाचून दाखवते. विळ्याचं लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तेच लिहा. बाकी सगळ्यांना माहीतच असतं."

पण लिहिताना माझी अडचण होते ती दुसरीच. ती कशाने बरी झाली? गोळ्यांनी? आईच्या येण्याने? मी खोलीत बसत होते त्याने, कात्र्या पेटीत गेल्या त्याने, की नुसते दिवस गेले म्हणून? डॉक्टर म्हणतील औषधाने. सुनंदाताईंनी धारला नवस बोलला होता, त्या म्हणतील त्याने. ब्लाउज खांद्यात उतरत असेल तर मी बोट ठेवून सांगू शकते, इथे अर्धा इंच घ्यायला पाहिजे. पल्लवीच्या बाबतीत मला बोट ठेवता येत नाही. मला येत असतं तर मी यंदा निर्धास्त असते.

कारण यंदा पुन्हा तिला दिवस गेलेत. तेव्हासारखं काही बंद नाही. इंदूर मोकळं आहे, चिन्मय खाली झोपतो, मालिशवाली आत्ताच सांगून गेली आहे की मला सोडून दुसरीला बोलावू नका. सगळे म्हणतात, तेव्हा कोरोना होता म्हणून तसं झालं. मीही लोकांना तसंच सांगते. खरंच कोरोनामुळे झालं का, मला माहीत नाही. दार बंद होतं हे खरं. उघडं असतं तर ती बाहेर आली असती का?

गव्हाचा शेवटचा ढीग तेलाने माखत होते तेव्हा रेवा खाली पाणी प्यायला गेली. पल्लवी ताटातले गहू बोटांनी सारखे करत म्हणाली, "आई, एक विचारू?"

"विचार."

"मी पुन्हा तशी झाले तर?"

मला काहीतरी म्हणता आलं असतं. काही होत नाही, देवाच्या दयेने सगळं ठीक होईल, आता डॉक्टर आहेत. गल्लीतल्या कोणत्याही बाईने म्हटलं असतं, आणि दुसऱ्या कोणाच्या सुनेला मीही म्हटलं असतं. पण समोर ती बसली होती, जिने उशीखालच्या विळ्याबद्दल मला सांगितलं होतं. तिला काही होत नाही असं सांगणं म्हणजे तेव्हा काही झालंच नव्हतं असं म्हणणं. माझे हात तेलात होते. मी म्हटलं, "ऊन उतरतंय, तेवढं ताट दे इकडे." तिने दिलं. गहू ओढले, ताडपत्री टाकली, खाली आलो. जेवायला मुगाची खिचडी होती. ती नेहमीसारखी जेवली. मी ती जेवते आहे ना, इकडे बघत होते, आणि मी बघते आहे हे तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी इंदूरच्या त्याच डॉक्टरांची वेळ घेतली. पलीकडची मुलगी म्हणाली, पेशंटला आत्ता काय होतंय? मी म्हटलं, आत्ता काही होत नाही, म्हणूनच आत्ता यायचं आहे. मग धारला फोन लावला. सुनंदाताईंना म्हटलं, तुम्ही येऊन राहा. त्या म्हणाल्या, "अहो, अजून कितीतरी महिने आहेत. आणि तेव्हाचं वेगळं होतं, मुलीच्या सासरी पुन्हा एवढं राहणं बरं दिसतं का?" मी म्हटलं, दिसू दे. त्यांनी विचारलं, काही झालंय का? मी म्हटलं, नाही. मग करायचं काय येऊन? मी म्हटलं, ते मला माहीत नाही. त्यावर सुनंदाताई सकाळची गाडी किती वाजता निघते ते विचारायला लागल्या.

पल्लवी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती. मी तिला म्हटलं, "तुझी मम्मी येते आहे."

"का?"

"काल तू विचारलंस ना, ते मला एकटीला येत नाही म्हणून."

तिने हातातले पोहे निथळून परातीत टाकले, हात पुसले. "बरं," म्हणाली. मग म्हणाली, "मिरच्या कापायच्यात, आई. सुरी देता का?"

मी फळीवरची सुरी काढून तिच्या हातात दिली आणि दुकान उघडायला गेले.